विद्यापीठातील झेन बैठक : नव्याने येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी

अमेरिकेतील विद्यापीठात शिकायला आलेल्या मराठी विद्यार्थ्यांना आवारात झेन या बौद्ध ध्यानपरंपरेच्या गटाचे फलक दिसतात, पण त्यांतील बरेच जण दारापर्यंत येऊन परत जातात. काहींना वाटते, ध्यान तर आपल्या घरचेच, ते परक्या देशात नव्याने काय शिकायचे. काहींना वाकून केलेले नमस्कार, घंटेचे इशारे आणि भिंतीकडे तोंड करून बसलेली मंडळी पाहून आपल्या हातून काही चुकेल अशी धास्ती वाटते. मी अशा एका गटात नवशिकी म्हणून गेले आणि पुढे तिथेच घंटा वाजवण्याचे व नव्यांना बसवण्याचे काम केले, म्हणून हे सारे क्रमाने लिहीत आहे. झेनच्या बैठकीतील बहुतेक नियम मन मोकळे राहावे यासाठी आहेत. केव्हा उठायचे, कुठे वळायचे, हात कुठे ठेवायचे हे ठरलेले असले की त्याचा विचार करावा लागत नाही आणि लक्ष श्वासावर राहते. हे नियम आधी ठाऊक असतील तर पहिली बैठकसुद्धा गोंधळात जाणार नाही.

१. गट कोणत्या परंपरेचा आहे, हे आधी विचारा

‘झेन’ या एका नावाखाली विद्यापीठांत बऱ्याच वेगळ्या पद्धती चालतात आणि त्याला इतिहास आहे. १८९३ साली शिकागोच्या ज्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, त्याच परिषदेत शाकू सोएन या जपानी झेन आचार्यांचेही भाषण झाले. त्यांचे शिष्य डी. टी. सुझुकी यांनी १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व्याख्याने दिली. कोरियन आचार्य सुंग सान १९७२ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरी आले तेव्हा त्यांच्याभोवती सुरुवातीला जमले ते ब्राउन विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यामुळे तुमच्या आवारातील गट जपानी, कोरियन किंवा व्हिएतनामी यांपैकी कोणत्याही धारेचा असू शकतो आणि त्यानुसार संध्याकाळचे स्वरूप बदलते.

जपानी सोतो परंपरेत भिंतीकडे तोंड करून बसतात, दोन बैठकींच्या मधले ध्यानातले चालणे अतिशय संथ असते आणि ‘नुसते बसणे’ हीच साधना मानली जाते. रिंझाई परंपरेत खोलीच्या मध्याकडे तोंड करून बसतात, चालणे झपझप असते आणि आचार्य शिष्याला कोआन, म्हणजे तर्काने न सुटणारा प्रश्न, देतात. कोरियन गटांत पठण अधिक असते आणि काही ठिकाणी १०८ दंडवत घालण्याची रीत असते. व्हिएतनामी भिक्षू थिच न्हाट हान यांच्या परंपरेतील गट सर्वांत मवाळ असतात. तिथे कोणीतरी बोलून ध्यान करवून घेते आणि श्वासाबरोबर करायच्या दहा हालचाली शिकवते. ज्याला गुडघ्याचा किंवा पाठीचा त्रास आहे, त्याने शक्य असल्यास तिथून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

गटाला पत्र लिहून चार गोष्टी विचाराव्यात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी बसण्याची पद्धत शिकवतात का? मार्गदर्शक कोणत्या आचार्यांकडे शिकलेले आहेत? बैठकीआधीच्या हालचालींचा भाग कोण घेते? आणि खुर्चीवर बसता येते का? चांगला गट या प्रश्नांची उत्तरे सरळ देतो. अमेरिकेतील काही नामांकित झेन केंद्रांमध्येही गुरूंच्या गैरवर्तनाची प्रकरणे उघड झाली होती आणि त्यानंतर अनेक केंद्रांनी लेखी आचारसंहिता तयार केल्या. तेव्हा मार्गदर्शकाबद्दल विचारणे हा उद्धटपणा नाही. कोणी एकट्याने भेटण्याचा आग्रह धरत असेल, मित्रांपासून किंवा घरच्यांपासून दूर राहायला सांगत असेल, किंवा ‘वरच्या पायरी’साठी पैसे मागत असेल, तर तो गट सोडावा.

२. नोंदणी आणि कागदपत्रे

हा भाग सोपा आहे. सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थी मंडळांचा मेळावा भरतो, तिथे नाव नोंदवता येते. वर्षाच्या मध्येही कोणी अडवत नाही. सोबत पुढील गोष्टी ठेवाव्यात.

- विद्यार्थी ओळखपत्र. संध्याकाळी इमारतीची दारे बहुधा त्याच कार्डाने उघडतात.
- हालचालींच्या भागासाठी जबाबदारीमुक्तीचा अर्ज (इजा झाल्यास गट जबाबदार नाही, असे मान्य करणारा), मागितल्यास. त्यात जुनी दुखापत, शस्त्रक्रिया, गर्भारपण, रक्तदाब यांविषयी विचारले तर खरे लिहावे, कारण मार्गदर्शक त्यावरूनच तुम्हाला कोणती हालचाल टाळायची हे सांगतात.
- तातडीच्या प्रसंगी कळवण्यासाठी एक स्थानिक क्रमांक. पुण्यातील किंवा नागपुरातील आईवडिलांचा क्रमांक इथे पुरत नाही. खोलीतील सोबत्याचा द्यावा.

आवारातील बैठकीला सहसा शुल्क नसते. दाराजवळ दानाची वाटी असेल तर त्यात टाकणे ऐच्छिक असते.

३. कपडे आणि सामान

गडद, साधे, सैल कपडे घालावेत. गडद अशासाठी की शेजारच्याच्या अर्ध्या उघड्या डोळ्यांना रंगांची हालचाल जाणवत राहते. जीन्स टाळावी, कारण ती मांडीच्या सांध्यापाशी आवळते आणि पाय लवकर बधिर होतात. सुती पायजमा किंवा सैल ट्रॅक पँट उत्तम. वाजणाऱ्या बांगड्या, पैंजण आणि टिकटिकणारे घड्याळ काढून ठेवावे. अत्तर लावू नये, कारण बंद खोलीत दम्याचा त्रास असलेल्यांना ते सहन होत नाही. धुराच्या गजरामुळे बऱ्याच इमारतींत उदबत्तीलाही बंदी असते, तेव्हा घरून उदबत्तीचा पुडा भेट म्हणून नेण्याआधी विचारून घ्यावे.

गोल उशी, जिला झाफू म्हणतात, आणि तिच्याखालची चौकोनी गादी, म्हणजे झाबुतोन, गटाकडे असतात. त्या लगेच विकत घेऊ नयेत. आपल्याला किती उंचीची उशी लागते, हे काही आठवडे बसल्यावरच कळते. जेवण झाल्यावर किमान तासभर जाऊ द्यावा.

४. हालचालींचा भाग चुकवू नका

नवे विद्यार्थी बहुतेकदा इथेच चूक करतात. बैठकीआधीची पंधरा-वीस मिनिटे ‘व्यायामाची’ समजून ते उशिरा येतात आणि थेट उशीवर बसतात. त्यानंतर गुडघे दुखू लागतात आणि झेन आपल्याला मानवत नाही, असा निष्कर्ष काढून ते येणे बंद करतात.

कारण समजून घ्यावे. मांडी घालून बसताना पाय बाहेरच्या बाजूला वळावा लागतो. हे वळणे मांडीच्या वरच्या सांध्यात, म्हणजे खुब्यात, झाले पाहिजे. गुडघा हा प्रामुख्याने बिजागरीसारखा मागेपुढे चालणारा सांधा आहे, त्याला पीळ सोसत नाही. दिवसभर प्रयोगशाळेत आणि संगणकासमोर खुर्चीत बसून खुबा आखडलेला असेल, तर तो न फिरल्यामुळे सगळा पीळ गुडघ्यावर येतो. आपण लहानपणी पंगतीत जमिनीवर बसत होतो, ही आठवण इथे उपयोगी पडत नाही. वर्षानुवर्षे टेबलाशी बसल्यावर ती लवचीकता उरलेली नसते आणि तरीही मनाला ती आहे असे वाटत राहते.

गटांमध्ये साधारणतः तीन प्रकारच्या हालचाली आढळतात. पहिला प्रकार चीगोंग या चिनी व्यायामपद्धतीतील बादुआनजिन. यात उभ्याने करायच्या आठ हालचाली असतात. दोन्ही तळवे आकाशाकडे ढकलण्यापासून सुरुवात होते, पुढे धनुष्य ओढल्यासारखे हात ताणायचे असतात आणि शेवटी टाचा उचलून हलकेच खाली सोडायच्या असतात. दुसरा प्रकार थिच न्हाट हान यांच्या मठांतील दहा हालचालींचा. श्वास घेताना हात खांद्याच्या रेषेपर्यंत समोर आणायचे आणि सोडताना खाली न्यायचे, इतकी साधी पहिली हालचाल असते. तिसरा प्रकार मार्गदर्शकाने स्वतः बसवलेले खुबा, घोटा आणि कणा यांचे ताण.

प्रकार कोणताही असला तरी पाय खांद्याइतक्या अंतरावर ठेवावेत, गुडघे ताठ न करता किंचित सैल सोडावेत, आणि हालचालीचा वेग श्वासाने ठरू द्यावा. ताणाच्या शेवटच्या टोकापर्यंत कधीही जाऊ नये. श्वास अडखळला, दात आवळले गेले किंवा खांदे वर चढले, तर आपण त्या टोकाशी पोहोचलो असे समजून थोडे मागे यावे. ज्यांनी शाळेत सूर्यनमस्कार घातले आहेत किंवा योगवर्ग केला आहे, त्यांना अधिक वाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण इथे सगळ्यांनी एकाच लयीत हलणे हा साधनेचाच भाग आहे आणि एकाने केलेली कसरत शेजारच्या दहा जणांचे लक्ष वेधते.

हालचाल आणि स्थिर बसणे यांचे नाते जुने आहे. सोतो परंपरेचे जपानी प्रवर्तक दोगेन यांनी चीनहून परतल्यावर १२२७ च्या सुमारास बसण्याविषयी जे मार्गदर्शन लिहिले, त्यात बसल्यावर शरीर डावी-उजवीकडे झुलवून मग स्थिर व्हावे आणि उठताना सावकाश, घाई न करता उठावे, असे सांगितले आहे. आजही सोतो गटांत बसल्यावर आधी मोठे झोके घेऊन ते लहान लहान करत मध्यावर थांबतात आणि बैठक संपल्यावर लहान झोक्यांपासून मोठ्यांकडे जातात.

५. खोलीत शिरताना

बैठकीच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे. फोन बंद करावा, नुसता आवाज बंद केला तर त्याची थरथर सगळ्या खोलीला ऐकू जाते. चपला-बूट बाहेर रांगेत लावावेत. दाराशी हात जोडून किंचित वाकावे. आपल्या उशीपाशी आल्यावर उशीकडे तोंड करून एकदा वाकावे, मग उजवीकडून वळून समोरच्या माणसांकडे तोंड करून पुन्हा वाकावे. पहिल्या नमस्कारात शेजारच्यांना आणि दुसऱ्यात समोरच्यांना अभिवादन असते. यासाठी धर्म बदलावा लागत नाही आणि कोणी तशी अपेक्षाही करत नाही. इतरांच्या उशा ओलांडू नयेत. पठणाच्या पुस्तिका जमिनीवर ठेवू नयेत. पुस्तकाला पाय लागू न देण्याची घरची सवय इथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

उशीर झाला आणि आत शांतता असेल, तर दार उघडू नये. चालण्याची वेळ होईपर्यंत बाहेर थांबावे आणि मग आत जावे.

६. बसणे

उशीच्या पुढच्या भागावर बसावे, संपूर्ण उशीवर बसू नये, म्हणजे कमरेचा घेर किंचित पुढे झुकतो आणि पाठ आपोआप सरळ होते. दोन्ही गुडघे आणि बैठक असे तीन टेकू जमिनीला लागले पाहिजेत. आपली नेहमीची मांडी इथे आड येते. नेहमीच्या मांडीत नडग्या एकमेकींवर येतात, गुडघे वर उचलले जातात, कंबर मागे कलते आणि दहाव्या मिनिटाला पाठीचा बाक निघतो. त्याऐवजी एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे, दोन्ही नडग्या जमिनीवर सपाट, अशी बैठक घ्यावी. तिला इथे बर्मी बैठक म्हणतात. गुडघा जमिनीपर्यंत पोहोचत नसेल तर त्याखाली लहान उशी द्यावी किंवा बैठक उंच करावी. अर्धपद्मासन सहज जमत असेल तरच करावे.

वज्रासनात बसायचे असेल तर उशी उभी करून टाचांच्या मध्ये घ्यावी किंवा लाकडी बाक मागावा. खुर्ची निवडल्यास तळवे जमिनीवर सपाट ठेवावेत आणि शक्य असेल तर पाठ न टेकता बसावे. खुर्चीवर बसणारा कमी दर्जाचा साधक, असे कोणत्याही चांगल्या गटात मानत नाहीत.

पाठ सरळ, हनुवटी किंचित आत, कान खांद्यांच्या रेषेत आणि नाक बेंबीच्या रेषेत. जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेली. उजव्या तळव्यावर डावा तळवा ठेवून अंगठ्यांची टोके हलकेच जुळवावीत. त्यांची लांबट गोलाकार चौकट बेंबीच्या खाली येते. अंगठे खाली ढळले तर झोप आली आहे आणि एकमेकांवर दाबले गेले तर ताण आला आहे, हे त्यावरून स्वतःलाच समजते.

डोळे मिटायचे नाहीत. नजर खाली, साधारण हातभर पुढे, कशावरही न रोखता ठेवायची. आपल्याकडे ध्यान म्हणजे डोळे मिटणे हा संस्कार पक्का असल्यामुळे मराठी विद्यार्थ्यांना याच नियमाचा सर्वांत जास्त त्रास होतो. डोळे मिटले की झोप येते किंवा कल्पनाचित्रे सुरू होतात, म्हणून हा नियम आहे. काही आठवडे तो निमूटपणे पाळून पाहावा.

नवशिक्याला बहुधा श्वास मोजायला सांगतात. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, एक ते दहा, आणि पुन्हा एक. आकडा विसरला किंवा सतरापर्यंत गेलात तर काही न बोलता एकवर यावे. लहानपणापासून नामजपाची सवय असलेल्यांच्या मनात आपोआप नाम सुरू होते. ते दडपू नये आणि धरूनही ठेवू नये, पुन्हा आकड्याकडे यावे. इगतपुरीला किंवा अन्यत्र गोएंका गुरुजींच्या पद्धतीचे दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केलेल्यांनी मात्र थोडा विचार करावा. त्या परंपरेत दोन पद्धती एकत्र करू नयेत असे स्पष्ट सांगितलेले असते. झेन बैठकीत बसून मनात शरीरभर संवेदना पाहत राहिल्याने दोन्हींपैकी एकही पद्धत नीट होत नाही. निदान एका सत्रापुरती कोणतीतरी एक निवडावी.

७. घंटा आणि चालणे

सोतो पद्धतीच्या गटांत तीन टोले म्हणजे बसण्याची सुरुवात, दोन टोले म्हणजे उठून चालण्याची वेळ आणि एक टोला म्हणजे समाप्ती. मठांत एक बैठक चाळीस मिनिटांपर्यंत असते, विद्यापीठांतील गट नव्यांसाठी ती वीस-पंचवीस मिनिटांची ठेवतात.

दोन टोल्यांनंतर घाईने उठू नये. पाय बधिर झाला असेल तर तो हातांनी सरळ करून संवेदना परत येईपर्यंत बसून राहावे. बधिर पावलावर भार देऊन उभे राहिल्यास घोटा मुरगळतो. कोणी वाट पाहत आहे याचा संकोच बाळगू नये.

चालताना डाव्या हाताची मूठ, अंगठा आत घेऊन, छातीशी धरावी आणि तिच्यावर उजवा तळवा ठेवावा. रांग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. सोतो चालण्यात एका श्वासाला अर्धे पाऊल, इतकी गती असते. पुढच्या माणसापासूनचे अंतर कायम ठेवावे. शौचालयाला जायचे असेल तर याच वेळी, रांगेतून वाकून बाहेर पडावे आणि परत आपल्याच जागी यावे. चालणे संपल्याची घंटा झाली की नेहमीच्या वेगाने आपल्या उशीपाशी पोहोचावे.

बसलेले असताना दुखणे असह्य झाले तर हात जोडून किंचित वाकावे, आवाज न करता पाय बदलावा आणि पुन्हा स्थिर व्हावे.

८. पठण आणि चहा

शेवटी बहुधा प्रज्ञापारमिता हृदयसूत्र या छोट्या बौद्ध सूत्राचे पठण होते, जपानी उच्चारांत किंवा इंग्रजीत. शेवटचा मंत्र मूळ संस्कृत असल्याने तो आपल्या कानांना ओळखीचा वाटतो आणि उच्चार सुधारून सांगण्याची इच्छा होते. तसे करू नये. सगळ्यांच्या स्वरात स्वर मिळवून, शेजारच्याच्या आवाजापेक्षा वर न जाता म्हणावे. चहाच्या वेळी ‘तुम्ही भारतातले, तुम्हाला सगळे ठाऊक असेल’ असे कोणी म्हणाले तर आपण नवे आहोत हे सांगून टाकावे, म्हणजे ते तुम्हाला व्यवस्थित शिकवतील. उशा झटकून जागेवर ठेवायला मदत करावी. ओळखी तिथेच होतात.

९. कोणता त्रास सोसायचा आणि कोणता नाही

मांड्यांतील ताण, पायाला मुंग्या, पाठीत थकवा हे सुरुवातीला होते आणि ओसरते. गुडघ्याच्या आत तीक्ष्ण कळ, कमरेपासून पायात उतरणारी वीज, किंवा उठल्यानंतरही बराच वेळ न जाणारा बधिरपणा यांपैकी काहीही झाले तर ती बैठक सोडून खुर्ची घ्यावी आणि विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. ‘सहन करणे हीच साधना’ हे वाक्य गुडघ्याच्या बाबतीत ऐकू नये.

मनाचेही तसेच आहे. परदेशातील पहिला हिवाळा, चार वाजता पडणारा अंधार आणि परीक्षा यांच्यात दबून राहिलेले दुःख शांत बसल्यावर वर येते. थोडे रडू येणे गैर नाही. झोप उडणे, सतत भीती वाटणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही मात्र ध्यानाने सोडवायची गोष्ट नाही. तेव्हा बैठक थांबवून समुपदेशन केंद्रात जावे. अमेरिकेत ९८८ या मानसिक संकटातील मदतीच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. हे गटप्रमुखाला सांगितले तर लाज वाटण्याचे काहीच कारण नाही, आणि जो गटप्रमुख अशा वेळी अधिक बसण्याचा सल्ला देतो त्याचे ऐकू नये.

१०. दिवसभराची बैठक आणि शिबिर

एक सत्र नियमित बसल्यानंतर एका दिवसाच्या बैठकीला जायला हरकत नाही. अनेक दिवसांच्या शिबिराला सेश्शिन म्हणतात. सर्वांत कडक सेश्शिन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात असते आणि ८ डिसेंबरला, जपानी परंपरेत बुद्धांच्या बोधीचा दिवस मानला जातो तेव्हा, ते संपते. अमेरिकेत तेच दिवस सत्रअखेरच्या परीक्षांचे असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी तो मोह टाळावा. जेवण बहुतेक ठिकाणी शाकाहारी असते, तरी अर्जात लिहावे. विद्यार्थ्यांना सवलत असते, पण ती मागावी लागते.

शेवटचा इशारा व्हिसाचा. काही केंद्रे काम करण्याच्या बदल्यात राहणे आणि जेवण देतात. शिबिरातील तासभराची झाडलोट वा भाजी चिरणे हा साधनेचा भाग असतो. पण राहण्याजेवण्याच्या मोबदल्यात आठवडेच्या आठवडे केलेले काम विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय केलेली नोकरी ठरू शकते. होकार देण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

११. सुट्टीत

गट सुट्टीत बंद असतो आणि सवय तिथेच तुटते. खोलीत भिंतीसमोर घडी केलेल्या रजईवर, गटात जितकी मिनिटे बसता तितकीच बसावीत, वाढवू नयेत. आधी हालचाली कराव्यात आणि फोनवर घंटेचा आवाज लावावा. भारतात सुट्टी मोठी असेल तर तमिळनाडूत कोडाईकनालजवळ पेरुमलमलाई येथे बोधी झेंडो हे झेन केंद्र आहे, ते जेसुइट धर्मगुरू आणि झेन आचार्य आमा सामी यांनी सुरू केले. तिथे आधी पत्राने जागा ठरवूनच निघावे.